चेहऱ्याचा ठाव

फळ्यावर अंडाकृती काढून झाली होती. तिच्या मधून उभी रेघ, तिला छेदणारी आडवी, डोळे त्या आडव्या रेघेवर, दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा, कान भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीच्या वर्गाला जगन शेजवळ दर वर्षी हेच शिकवायचा. तोंड बोलत राहायचं आणि हात आपला आपण चालायचा. वर्ग नेहमीसारखा गलका करत होता, कुणीतरी पट्टीनं बाक वाजवत होतं, खिडकीतून एमआयडीसीकडचा तो आंबूस, घशात बसणारा वास येत होता. मग एकाएकी गलका थांबला. मुलं गप्प झाली की मास्तरला बरं वाटायला हवं. त्याला वाटलं नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, "हा तो स्टेशनवर चिकटवलेला ना, खुनी?" त्यानं मागं सरकून फळ्याकडं पाहिलं. रुंद कपाळ, आत गेलेले डोळे, जाडसर खालचा ओठ, आणि काहीतरी विचारायला म्हणून किंचित पुढं आलेली हनुवटी. त्याला काढायचा होता कुणाचाच नसलेला, नमुन्याचा चेहरा. त्यानं डस्टर घेतलं आणि फळा पुसला, पण त्या जुन्या फळ्यावर खडू पुरता जात नसे. पांढुरक्या धुरळ्यात तो चेहरा तसाच राहिला, पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा. शेजवळनं मुलांना वहीत पेला काढायला सांगितलं आणि तास संपेपर्यंत तो फळ्याकडं पाठ करून उभा राहिला.

तो चेहरा त्यानं पहिल्यांदा काढला तो गणपती गेल्यावरच्या आठवड्यात. डोंबिवली पूर्वेला एका इमारतीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांचा दिवसाढवळ्या गळा आवळून खून झाला होता आणि कपाटातले दागिने गेले होते. जिन्यात एका माणसाला उतरताना पाहिलं होतं ते फक्त चंद्रभागानं. ती त्याच इमारतीत धुण्याभांड्याला जायची. पोलिसांकडं चित्र काढणारा माणूस नव्हता, मुंबईहून यायला वेळ लागणार होता. तपास करणाऱ्या फौजदाराचा मुलगा याच शाळेत होता, तेव्हा तो हेडमास्तरांकडं आला आणि हेडमास्तरांनी शेजवळला बोलावून घेतलं. चौकीच्या मागच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला चंद्रभागा पदर तोंडाला लावून बसली होती. नाक कसं होतं, तर नाकासारखं. डोळे? डोळ्यांकडं पाहिलंच नाही, हातात बादली होती. उंच की बुटका? तो वरच्या पायरीवर होता, त्यामुळं उंच वाटला. अशीच दुपार गेली. फौजदार आत-बाहेर करत होता, चहा येत होता, बाई रडवेली झाली होती. शेजवळनं खोडून खोडून कागद मळवला आणि शेवटी कंटाळून दुसरा घेतला. त्या दुसऱ्या कागदावर काय झालं हे पुढं त्यानं मनाशी इतक्यांदा उगाळलं की खरं किती आणि नंतर चिकटलेलं किती हे त्याला सांगता येईना. पेन्सिल चालायला लागली. तो चंद्रभागाला काही विचारत नव्हता, ती काही सांगत नव्हती. कपाळ आलं, त्याखाली डोळे आले, ओठ आला, कुठंही रबर लागला नाही. आयुष्यभर तो समोर ठेवलेलंच काढत आला होता. पेला, पेरू, जास्वंद, पुतळ्यांवरनं महापुरुष. कल्पनाचित्रात त्याला जेजे स्कूलच्या परीक्षेत काठावर मार्क पडले होते. आणि आता समोर काही नसताना एक माणूस कागदातून वर येत होता, जिवंत, स्वतःची हनुवटी घेऊन. शेजवळला आनंद झाला. पोटातून वर येणारा, लहान मुलासारखा आनंद. त्यानं कागद चंद्रभागापुढं सरकवला. तिनं पाहिलं, फौजदाराकडं पाहिलं, आणि म्हणाली, असाच वाटतोय. तिला घरी जायचं होतं, हे त्याला तेव्हाही दिसलं होतं.

चित्राच्या प्रती निघाल्या. डोंबिवली, कल्याण, ठाणे स्टेशनांवर लागल्या, नाक्यानाक्यांवरच्या शिपायांच्या खिशात गेल्या. काही दिवसांनी शीळफाट्याला एका चहाच्या टपरीवर एक माणूस पकडला. टेम्पोवर क्लीनर म्हणून जायचा, कळव्याच्या खाडीकाठचा कोळी, नाव मोरू. खाडीत कारखान्यांचं पाणी सुटायला लागल्यापासून होडी काठाला पडून होती म्हणून हे काम धरलेलं. फौजदार मुद्दाम शाळेत येऊन सांगून गेला. "सर, डिट्टो. शेजारी उभा केला असता तर तुम्हाला चक्कर आली असती. येताय का बघायला?" शेजवळ गेला नाही. तास आहेत म्हणाला. खरं कारण हे होतं की त्याला भीती वाटली, आपण पेन्सिलीनं आणलेला माणूस श्वास घेताना बघायची. आणि त्या भीतीच्या तळाशीसुद्धा थोडा अभिमान होता. शनिवारी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी त्याला पुढं बोलावून नारळ दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात मोरू कोठडीत मेला. छातीत कळ आली, असं पेपरात होतं. कबुली दिलेली नव्हती. मेलेल्याचा फोटो मिळाला नसावा, म्हणून बातमीशेजारी शेजवळचं चित्र छापलं होतं आणि त्याखाली मोरूचं नाव होतं.

शेजवळची बायको सरोज नर्स होती, ठाण्याला. छातीत कळ कशी येते आणि कोणाला येते हे तिला ठाऊक होतं. तिनं बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि एवढंच म्हणाली की वय दिलंय सव्वीस. मग ती कपडे वाळत घालायला गेली. शेजवळ खुर्चीवर बसून राहिला. खून केला असेल तर शिक्षा व्हायचीच होती, असं त्यानं मनाशी म्हणून पाहिलं. वाक्य नीट होतं, पण टिकत नव्हतं. त्याला सारखी हनुवटी दिसत होती. ती त्यानं पुढं काढली होती, काहीतरी विचारणारी. काय विचारत होता तो?

जगातलं हे सगळं कुठून आलं, हा प्रश्न त्याच्या घरात कधी पडलाच नव्हता. वडील, धोंडिबा, कल्याणच्या रेल्वे यार्डात खलाशी होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परत आले त्या दिवशी त्यांनी फळीवरचे देव फडक्यात बांधले, जगनला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि उल्हास नदीवर नेऊन पाण्यात सोडले. जगन तेव्हा सहा-सात वर्षांचा. घरी आल्यावर त्यानं पाहिलं, फळीमागच्या भिंतीवर दिव्याच्या काजळीत देवांच्या आकाराच्या जागा तेवढ्या पांढऱ्या राहिल्या होत्या. देव गेले होते आणि त्यांचे आकार राहिले होते. त्याला तिकडं पाठ करून झोपता येईना. दुसऱ्या दिवशी वडिलांनी चुना लावला. पुढं मोठेपणी कशावरनं तरी वाद झाला तेव्हा ते म्हणाले होते, करणारा माणूसच. चांगलं केलं तरी तो, वाईट केलं तरी तोच, वर कुणी बसलेला नाही हिशेब वाटून घ्यायला. त्यांचा आवाज त्या वेळी कडक नव्हता, उलट मोकळा होता, पाठीवरचं ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखा. शेजवळ त्या मोकळेपणात वाढला. पण आता वडील नव्हते आणि तो मोकळेपणा छातीवर धोंड्यासारखा बसला होता. करणारा माणूसच असेल तर ते कपाळ, तो ओठ, ती हनुवटी सगळं त्याच्या डोक्यातून आलं होतं. एक बाई काही सांगू शकत नव्हती. एका फौजदाराला काहीतरी हवं होतं. मधल्या रिकाम्या जागेत त्यानं स्वतःच्या हातानं एक माणूस भरला होता, आणि तो भरताना त्याला आनंद झाला होता.

फळ्यावरचा प्रकार झाला त्या दिवशी तो टीचर्सरूममध्ये येऊन बसला तेव्हा तिथं फक्त सुहासिनी गोखले होत्या. संस्कृत शिकवायच्या, येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांनी चाचणीच्या वह्यांवरून मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. त्यानं सांगितलं. आनंदाचं सोडून सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. त्यांची तरुण मुलगी काविळीनं गेलेली, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर त्या आवाज चढवून कधी बोलल्या नव्हत्या.

"शेजवळ, तो चेहरा तुम्ही केला नाहीत," त्या म्हणाल्या. "तो होता. तुम्हाला फक्त दिसला."

"कुठं होता?"

"कुंभार घडा करतो. करण्याच्या आधी घडा कुठं असतो?"

"त्याच्या डोक्यात."

"त्याच्या डोक्यात कुठून येतो?"

"त्यानं दुसऱ्याचा घडा बघितलेला असतो, बाई."

"आणि पहिल्या कुंभारानं?"

मग बाई हळूहळू, व्याकरण सांगावं तशा सांगत गेल्या. जे जे रूप जगात येतं ते येण्याआधी ईश्वराच्या बुद्धीत असतंच, नाहीतर ते येईल कुठून? आपली मनं म्हणजे नुसतं पाणी, त्यात त्या रूपांची पडछाया पडते, आणि आपल्याला वाटतं की पाण्यानंच ती केली. एखाद्या वेळी पाणी फार स्थिर होतं, रूप लख्ख दिसतं. तुमचं त्या दिवशी तसं झालं असेल. माझी मुलगी गेली तेव्हा मी एवढाच विचार धरून राहिले, असं त्या म्हणाल्या. ती होण्याआधीही तिथं होती आणि आता घरात नसली तरी तिथं आहे, केसाचाही फरक न पडता. त्यांना त्याचं सांत्वन करायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी स्वतःजवळचं सगळ्यात किमती असं बाहेर काढून त्याच्यापुढं ठेवलं होतं, हे त्याला कळत होतं. तरी तो विचारून गेलाच.

"म्हणजे तो कोठडीत मेला, तेही आधी तिथं होतं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मैदानावर पीटीची शिट्टी वाजत होती. मग म्हणाल्या, "हो. मला ते आवडत नाही. पण हो."

पुढचे काही आठवडे तो त्या विचारावर जगला. वडिलांच्या फोटोकडं न बघता घरात वावरायचा. झोप लागायला लागली. रात्री अंथरुणावर पडलं की त्याला ते स्थिर पाणी आठवायचं आणि अंग सैल व्हायचं. पेन्सिल आपली आपण चालली होती, याला तो स्वतः साक्षी होता. त्याच्यात एवढी ताकद कधीच नव्हती, परीक्षकांनी तसं लिहूनच दिलं होतं. तो फक्त हात होता. रूप वरून आलं, त्याखाली जो माणूस होता तो सापडला. एकच गोष्ट या मांडणीत कुठं बसत नव्हती. त्या दुपारी झालेला आनंद कुणाचा होता? पाण्याला आनंद होतो का? हा प्रश्न आला की तो कूस बदलायचा.

जानेवारीत खरा खुनी सापडला. म्हाताऱ्या गृहस्थांचाच पुतण्या, सुरतेला दागिने मोडताना पकडला, सगळं कबूल करून मोकळा झाला. बातमी आतल्या पानावर चार ओळींची होती, पण सोबत फोटो होता. बारीक चणीचा, चष्मा लावलेला, अरुंद कपाळाचा माणूस. शेजवळच्या चित्राशी त्याचं काहीही जुळत नव्हतं. मोरूचं नाव बातमीत नव्हतं. फौजदाराची बदली झालेली होती. सरोजनं फोटो जवळ धरून पाहिला आणि पहिल्यांदाच ती या विषयावर नीट बोलली. ती म्हणाली की तुम्ही कुणाला मारलेलं नाही, हे मला माहीत आहे. थोड्या वेळानं पोळी उलटता उलटता म्हणाली, "पण चित्र तुमचंच होतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना खरं सांगताना ती जसा आवाज ठेवायची तसा तो होता.

त्या दिवसापासून त्याचं डोकं एका जागी राहिना. चंद्रभागानं पाहिलेला माणूस जर तो पुतण्या होता, तर चित्रातला चेहरा तिच्या आठवणीतून आलेला नव्हता. मग त्या चेहऱ्याचा एक हुबेहूब माणूस शीळफाट्याला चहा पीत कसा उभा होता? बाई म्हणतात तेच खरं असेल, तर त्या बुद्धीनं एका निरपराध माणसाचा चेहरा नेमका त्याच दुपारी, नेमका त्याच कागदावर पाठवला होता. कशासाठी? असं करणारी बुद्धी असण्यापेक्षा आभाळ रिकामं बरं. आणि आभाळ रिकामं असेल तर दुसरंच काहीतरी झालं होतं आणि ते जास्त वाईट होतं. त्यानं मोरूला कधीतरी पाहिलं असणार. कळव्याच्या पुलावर, ठाण्याच्या मासळीबाजारात, कुठंतरी. एखाद्या क्षणी तो चेहरा त्याच्या डोक्यात जाऊन बसला असणार आणि गुन्हेगार काढ म्हटल्यावर, इतक्या हजारो चेहऱ्यांतून त्याच्या हातानं नेमका तो उचलला असणार. पायात चप्पल नसलेला, मासळीच्या वासाचा, गरीब माणूस. ज्याच्या बापानं उभा जन्म असल्या नजरा झेलल्या, त्या जगननं. वर्गात शिकवता शिकवता तो थांबायचा. बाजारात माणसांच्या तोंडाकडं बघायचं त्यानं सोडलं, न जाणो कोणाचं तोंड आत जाऊन बसेल. मोरूचा खरा फोटो एकदा पाहिला की उलगडा होईल, असं त्याला वाटायला लागलं. आधी कुठं पाहिला असला तर फोटो बघून आठवेल. नसेल आठवत, तर मग निदान बाईंचा देव तरी समोर येऊन उभा राहील.

एका रविवारी दुपारी तो कळव्याला उतरला. शबनम पिशवीत मूळ चित्र होतं, फौजदारानं नंतर परत दिलेलं. खाडीच्या बाजूला विचारत विचारत गेला. चिखलात कलंडलेल्या होड्या, वाळत टाकलेली पण कोरडीच जाळी, पाण्यावर साबणासारखा फेस. पत्र्याच्या घरापुढच्या ओट्यावर एक म्हातारी आणि एक तरुण बाई सुकट निवडत बसल्या होत्या. एक लहान मुलगी त्यातली सुकट उचलून तोंडात घालत होती. म्हातारी मोरूची आई, मनुबाई. तरुण बाई त्याची बायको, सगुणा. त्यानं कल्याणच्या बाजूनं आलोय, मास्तर आहे, एवढं सांगितलं आणि मोरूचा फोटो बघायला मिळेल का विचारलं. उघड्या दारातून त्याची नजर आत भिंतीवर गेली होती. हार घातलेली तसबीर शोधत होती. तिथं एकवीरा होती, एक कॅलेंडर होतं.

"फोटू नाय," मनुबाई म्हणाली. "लग्नान फोटूवाला बोलावला नव्हता. मंग कवा काढनार?"

त्याला परत फिरता आलं असतं. तो ओट्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "मावशी, पोलिसांनी ज्याच्यावरनं त्याला धरलं, ते चित्र मी काढलेलं."

सगुणाचा हात सुकटीत थांबला. मनुबाईनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. ती चिडेल, पोराच्या नावानं हंबरडा फोडेल, शेजारचे धावून येतील, याची तो वाट बघत होता. कदाचित त्यासाठीच आला होता. ती म्हणाली, "हाय तुमच्याकरं? दावा." चौकीत तिला कुणी काही दाखवलं नव्हतं आणि वाचणारं घरात कुणी नव्हतं. त्यानं पिशवीतून कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं हात लुगड्याला पुसून तो घेतला, उजेडाकडं धरला, लांब धरला, जवळ आणला. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग तिनं खरोखरच न कळून विचारलं, "यो कोन?"

सगुणा वाकून बघत होती. "यो आमचा नाय," ती म्हणाली आणि पुन्हा सुकट निवडायला लागली.

शेजवळ म्हणाला की नीट बघा, कपाळ बघा, हनुवटी. मनुबाईनं त्याच्या समाधानासाठी पुन्हा पाहिलं. मान हलवली. कपाळ असं नाही, ओठ तर नाहीच. मोरू बापसावर गेलेला, उभट तोंडाचा. "मंग आमच्याला कशापायी नेला?" तिनं विचारलं. बस कुठून सुटते ते विचारावं इतक्या साधेपणानं. फौजदार डिट्टो म्हणाला होता. शिपाई तसंच म्हणाला असणार, चंद्रभागा तर म्हणालीच होती. एक कागद हातात धरून त्यांनी समोर आलेल्या माणसाला त्यात बसवलं होतं आणि तो बसला होता. इतके महिने ज्या चेहऱ्याचा उगम तो आभाळात आणि स्वतःच्या कवटीत शोधत होता, तो या पृथ्वीवर कोणाचाच नव्हता. त्यानं तो काढावा म्हणून वरून कुणी धाडला नव्हता आणि खालीही कुणी तो घेऊन हिंडत नव्हतं. त्याला वाटलं, आता हलकं वाटेल. वाटलं नाही. जिन्यावरून तोल जाताना कठड्याला हात घालावा आणि कठडाच नसावा, तसं झालं.

मनुबाई अजून कागदाकडं बघत होती, पण आता वेगळ्या नजरेनं, बाजारात एखादी वस्तू पारखावी तसं. "तुमाला मानसा काढता येतान," ती म्हणाली. "माज्या मोरूला काढा ना. पोर मोठी व्हईल, तिला बापूस दावाला पायजे."

त्यानं पिशवीतलं कागदांचं पॅड काढून मांडीवर घेतलं. मनुबाई सांगायला लागली आणि तो चंद्रभागापुढं बसला होता तसाच बसला. डोळे माझ्यासारखे, ती म्हणाली. त्यानं तिच्या डोळ्यांकडं पाहून डोळे काढले. नाक कसं, तर त्याचा मना सांगता नाय येव. हसला की एक डोळा बारीक व्हायचा. झोपला की तोंड उघडं राहायचं. तापात असला की कान लाल. लहानपणी गोरा होता, मग होडीवर जायला लागला आणि रापला. ती चेहरा सांगत नव्हती, मोरू सांगत होती. शेजवळ तेवढ्यातून रेघा वेचत होता. उभट तोंड काढलं, ते पूर्ण होता होता रुंद झालं. खोडलं. ओठ पातळ केला, सावली दिली, तो जाड झाला. त्यानं कागद बदलला. तो पेन्सिल घट्ट धरून, लहान मुलासारखी एकेक रेघ ओढत होता, आणि तरी प्रत्येक वेळी शेवटी समोर येत होता तो तोच, हनुवटी किंचित पुढं करून. त्याच्या डोक्यात आता दुसरं माणूसच नव्हतं. ऊन ओट्यावरून उतरून चिखलात गेलं. सगुणा एकदा चहा ठेवून गेली. मनुबाई आधी नाय, नाय म्हणत होती. मग नुसती मान हलवायला लागली. शेवटच्या कागदाकडं तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. डोळे तेवढे तिचे होते, बाकी सगळा तो.

"ऱ्हाऊं द्या," ती म्हणाली. "यो पन बरा हाय. भला मानूस दिसतंय."

तो म्हणाला की नको, मी पुन्हा येतो, नीट काढून आणतो. पण तिनं कागद सोडला नाही. आत गेली, भाताच्या शितांनी तो एकवीरेच्या तसबिरीशेजारी भिंतीला चिकटवला, तळव्यानं दाबून कडा बसवल्या. मग मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि तिचं बोट धरून कागदावर टेकवलं. बघ, तुझा बापूस, असं तिला सांगितलं. मुलगी एकदा आजीकडं आणि एकदा कागदाकडं बघून म्हणाली, "बापूस." मनुबाईनं तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

तो बांधावरून निघाला तेव्हा मागून पावलं आली. सगुणा होती. डोक्यावरचा पदर सावरत ती थोडं अंतर राखून थांबली. "मास्तर, त्याच्या भुवईन खाच होती," ती म्हणाली. "लहानपनी मासं धरायचा गल लागलेला. तिथं केस नव्हतं आलं. आयसला आठवला नाय."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तीच इसरली, मी काय बोलू?" तिनं स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. "हितं. डाव्या अंगाला."

त्यानं पिशवीत पॅडसाठी हात घातला. सुधारतो म्हणाला, आत्ता काढून देतो.

"नको," ती म्हणाली. "आयस आता त्याच्यासंगं बोलाला लागलीय. मना हाय आठवन. मी हाय तवर हाय." आणि वळून गेली.

खाडीवर ओहोटी होती. शेजवळ तिथंच उभा राहिला. मोरूचा चेहरा आता दोन बायकांपाशी उरला होता, आणि त्यातल्या एकीच्या भिंतीवर आजपासून दुसराच माणूस राहायला आला होता. तो रोज दिसणार होता, आणि रोज दिसणारं आठवणीतल्याला हळूहळू पुसत नेतं. मुलगी मोठी होईल ती याच कपाळाकडं बघत. मग सगुणाही एक दिवस विसरेल किंवा मरेल, आणि असा एक माणूस होता, उभट तोंडाचा, हसला की एक डोळा बारीक करणारा, हे कुठंच असणार नाही. त्याला सुहासिनीबाई आठवल्या, केसाचाही फरक न पडता म्हणताना त्यांचा झालेला चेहरा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, असावं. कुणाची तरी बुद्धी असावी वर, पाहिलेलं न हरवणारी. आपल्याला माफी मिळावी म्हणून नव्हे, ती मागायची हिंमत त्याच्यात नव्हती. नुसती ती खाच कुठंतरी ठेवायला. तो वर बघत राहिला. कारखान्यांच्या धुरानं आभाळ गढुळलं होतं. त्यात काही आहे असं त्याला वाटेना, कितीही वाटून घ्यायचं म्हटलं तरी.

मग तो स्टेशनच्या दिशेनं चालायला लागला. निदान आपण तरी ती धरून ठेवायची, असं त्यानं ठरवलं. भुवईत खाच, डावीकडं. डावीकडं, डावीकडं, असं तो पावलागणिक मनाशी म्हणत राहिला. पुलाशी आल्यावर तो थबकला. सगुणानं बोट स्वतःच्या भुवईवर ठेवलं होतं, आणि ती त्याच्या समोर उभी होती. ती तिची डावी म्हणाली, मोरूची डावी म्हणाली, की रोज समोरून बघताना तिला जी डावी दिसायची ती? त्यानं डोळे मिटून तिला पुन्हा उभं केलं. हात वर आला, बोट भुवईकडं गेलं. कोणता हात, कोणती भुवई, हे त्याला काही केल्या दिसेना.